१२ संघ फिरलेला खेळाडू: टिकला म्हणायचं की कुणालाच नको होता?

बर्फातला_बाप
शनिवारी पहाटे सहाला लेकाची प्रॅक्टिस. आम्ही चार पालक काचेमागे कॉफी घेऊन कुडकुडत होतो, आणि विषय निघाला माइक सिलिंजरचा. ज्यांची हॉकी ध्यानचंदपाशी संपते त्यांच्यासाठी: ही बर्फावरची हॉकी, आणि एनएचएल ही अमेरिका-कॅनडातली सगळ्यात वरची लीग. सिलिंजर कॅनडातल्या रेजायनाचा. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात तो) डेट्रॉइटने त्याला ११ व्या क्रमांकावर घेतलं. २००९ मध्ये निवृत्त झाला तोवर १२ संघांकडून खेळून झालं होतं. तो विक्रमच आहे.

एक गृहस्थ म्हणाले, "याला कुणी ठेवूनच घेतलं नाही." मला ते अजिबात पटलं नाही. १,०४९ सामने आणि २४० गोल काय कुणी दयेपोटी देतं? माझ्या मते एकाच संघात दहा वर्षं काढणाऱ्यापेक्षा याचं काम अवघड. दर वेळी नवा कोच, आणि परत पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायचं.

स्पष्टवक्ता_नगरकर
भावना छान, हिशोब कच्चा. सामने म्हणजे हजेरीपट. १२ संघांनी त्याला जवळून पाहिलं, सराव करून घेतला, आणि 'हा गेला तरी आपलं अडत नाही' असं ठरवलं. एखाद-दोघांचं चुकेल, सगळ्यांचं कसं चुकेल? शिवाय स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, एकही नाही. गंमत म्हणजे हा गेल्यावर डेट्रॉइट जिंकलं, टँपा बे २००४ ला जिंकलं, अ‍ॅनाहाइम २००७ ला जिंकलं.

बर्फातला_बाप
म्हणजे पनवती ठरवताय का त्याला? :)
१२ संघ कसे झाले ते बघा ना. डेट्रॉइट ड्राफ्टमुळे. कोलंबस (२००१) आणि न्यूयॉर्क आयलँडर्स (२००६) इथे तो मोकळा होता, स्वतः करार करून गेला. उरलेले ९ ट्रेडमधून. ट्रेड म्हणजे हकालपट्टी नव्हे. समोरच्या संघाला माणूस हवा असतो म्हणून तो बदल्यात काहीतरी देतो. नको असलेल्याला कोण विकत घेतं?

स्पष्टवक्ता_नगरकर
२००३ चंच घ्या. कोलंबसने डॅलसकडून डॅरिल सिडोर घेतला, तेव्हा सिलिंजरच्या जोडीला ड्राफ्टची दुसऱ्या फेरीतली निवडही द्यावी लागली. आणि डॅलसने त्याच दिवशी सिलिंजरला फीनिक्सकडे धाडून टेप्पो नुम्मिनेन आणला. डॅलसची जर्सी घालायलाही मिळाली नाही! वाण्याकडे सुटे नसले की हातावर चॉकलेट ठेवतात, तसा प्रकार.

फेसऑफ_प्रेमी
चॉकलेट काय! तुम्ही दोघंही आकड्यांत अडकलात. फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना पकसाठी (रबरी चकतीसाठी) होणारी झटापट, बघितलीय कधी नीट? दोन सेंटर (मधल्या फळीतले आक्रमक) समोरासमोर वाकलेले, काठीचं पातं बर्फावर टेकवलेलं. पंचाच्या हातातून पक सुटायच्या आत खालच्या हाताची पकड उलटी फिरवायची, पक सुटला की खांदा घुसवायचा आणि पक मागे आपल्या माणसाकडे ओढायचा. अर्ध्या सेकंदाचा खेळ. तो हरलात तर पक त्यांच्याकडे, आणि तुम्ही पाठलाग करत फिरायचं. सिलिंजर त्यातला वाकबगार, आणि संघ एका माणसाने कमी असतानाही खेळायला उतरवायचे त्याला. असला माणूस प्रत्येक कोचला फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाद फेरीच्या तोंडावर, हवा असतो आणि उन्हाळ्यात पगाराचं गणित मांडताना नको असतो. दोष खेळाडूचा नाही.

आणि २००५-०६ विसरू नका. चौतिशीत ३२ गोल! त्यातले २२ सेंट लुईससाठी, आणि तो संघ त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात तळाला होता.

बदलीग्रस्त
वडिलांची बदलीची नोकरी होती. दहावीपर्यंत माझ्या पाच शाळा झाल्या. दर जूनमध्ये शेवटच्या बाकावर नवा मुलगा म्हणून मी. म्हणून हे 'किती जिद्दी' वगैरे वाचलं की चिडचिड होते. त्या २००३ च्या ट्रेडच्या वेळी सिलिंजरच्या घरात दोन महिन्यांचं बाळ होतं, कोलंबसमध्येच जन्मलेलं. खोकी कुणी बांधली असतील?

स्पष्टवक्ता_नगरकर
वडिलांना एनएचएलचा पगार होता का, बदलीग्रस्त? मूव्हर्स येतात हो तिकडे, खोकी तेच बांधतात.

बदलीग्रस्त
नगरकर, ट्रंका बांधणारा माणूस आईलाही मिळायचा. ट्रंका नव्हत्या अवघड.

सरे_बीसी
अवांतर होईल, पण फिरस्त्यांचा विषय आहे तर रॉबिन बावाचं नाव यायलाच हवं. कॅनडातल्या डंकन, ब्रिटिश कोलंबियाचा, एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला माणूस. वॉशिंग्टनकडून ५ सामने, व्हँकुव्हरकडून २, सॅन होजेकडून ४२, अ‍ॅनाहाइमकडून १२. एकूण ६१. बाकी सगळी वर्षं खालच्या लीगमध्ये. सिलिंजरला अपयशी म्हणणाऱ्यांनी सांगावं, मग बावाला काय म्हणणार? आमच्या गल्लीतली पंजाबी पोरं आज पगडीवर हेल्मेट बसवायच्या युक्त्या शोधतात, त्यांना ६१ हा आकडा लहान वाटत नाही.

स्पष्टवक्ता_नगरकर
बावा वेगळा. तो पहिला होता, तिथे मी वाद घालत नाही. सिलिंजर ११ व्या क्रमांकाचा ड्राफ्ट होता, त्याच्याकडून संघाचा कणा होण्याची अपेक्षा होती. अपेक्षेच्या मानाने मोजतोय मी.

बर्फातला_बाप
एवढं मान्य. डेट्रॉइटने ज्यासाठी घेतला तो खेळाडू तो झाला नाही.
ते दोन महिन्यांचं बाळ म्हणजे कोल सिलिंजर. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोलंबसनेच घेतलं, १२ व्या क्रमांकावर.

बदलीग्रस्त
बघू, त्याला तरी एका जागी राहू देतात का.