मदत हवी आहे: वजन वाढलं म्हणून गावात म्हणतात "लेकरायचं अन्न हेच खाते", काय करू?

नमस्कार सगळ्यांना. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे, १४ वर्षं झाली. गावाचं नाव नाही लिहीत, समजून घ्या. वय ३९, उंची ५ फूट, वजन ८४. हे ८४ अंदाजाने नाही सांगत, गरोदर बायांचं वजन घ्यायचा काटा असते ना आमच्याकडे, सगळे घरी गेले की दार लावून मी त्याच्यावर उभी राहते दर महिन्याला. अडीच वर्षाआधी त्याच काट्यावर ६२ होती.

मागच्या महिन्यात ग्रामसभा होती, मी पोषण आहाराचं वाचून दाखवत होती तर एक जण मधातच उठला अन् म्हणे, "मॅडमकडे पाहा अन् लेकरायकडे पाहा, आहार कुठं जाऊन रायला ते समजून जाते." सगळे हसले. बायासुद्धा हसल्या, ज्यांच्या बाळंतपणात मी रात्री २ वाजता गाडी बोलावली त्याही. माझा पोरगा दहावीत आहे, तो मागे दारात उभा होता. त्या दिवसापासून तो मला अंगणवाडीत सोडायला येत नाही, सायकल घेऊन आधीच निघून जाते.

पुढं कोणीतरी लेखी तक्रारही केली. पर्यवेक्षिका मॅडम आल्या, साठा रजिस्टर पाहिलं, पोती मोजली, हजेरी जुळवली, एका किलोचा फरक नाही निघाला. त्यांनी तसं लिहूनही दिलं. पण जाता जाता बोलल्या, "थोडं वजन कमी कर ना वं, लोकांना बोलायला जागा होते." रजिस्टर बरोबर असूनही माझं अंगच पुरावा ठरलं, हे मला सहन नाही होत.

आमच्याकडे ३ ते ६ वर्षाच्या लेकराला रोजचा ठरवून दिलेल्या कॅलरी अन् प्रोटीनचा आहार असते, तोलून शिजवतो, खिचडी कधी उसळ, मदतनीस ताई वाढते, पातेलं तिथंच रिकामं होते. त्यातलं मी तोंडात टाकत नाही, पहिल्या दिवसापासून नाही. माझं जेवण म्हणाल तर सकाळी दोन पोळ्या भाजी, दुपारी ३ वाजता घरी येऊन वरण-भात, रात्री भाकर अन् चून (पिठलं) किंवा भाजी. तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आहे, सुट्टीच्या दिवशी तिथंही जाते. माझी जाऊ त्याच चुलीवरचं, त्याच भांड्यातलं जेवते अन् ती ४८ किलो. सासूबाई म्हणतात चोरून खात असशील. चोरून खायला वेळ कुठं आहे, सर्व्हे, पोषण ट्रॅकर, लसीकरणाचा दिवस, मोबाईलवर फोटो टाकणं, यातच जीव जाते.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते. माझ्या अंगणवाडीतलं एखादं लेकरू लाल रंगात आलं, म्हणजे वजन फार कमी, तर आम्ही काय काय विचारतो. जन्माचं वजन किती होतं, जुलाब लागला होता का, जंताचं औषध दिलं का, आईचं दूध कधी तुटलं, माय निंदायला जाते तेव्हा लेकरू कोणाजवळ असते. इतकं विचारून मग लिहितो. कोणी त्या लेकराला म्हणत नाही की तुझ्यातच खोट आहे. मग वजन दुसऱ्या बाजूला गेलं की सगळ्या गावाला एकच कारण कसं माहीत असते?

तर मदत ही पाहिजे की इतकं वजन नुसतं खाण्यानेच वाढते का, अजून कशाने वाढते अन् कोणत्या तपासण्या करू. थायरॉईडची टीएसएच शिबिरात केली होती, ती नॉर्मल आली. अन् दुसरं, पोराला काय सांगू. वजन घटवायचे डबे अन् चूर्ण विकणाऱ्यांनी कृपया इथं लिहू नये, हात जोडते.

नागपूरकर:
ताई राग मानू नका, गावातले जे बोलले ते चूकच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण वजन हवेतून येत नाही हेही खरं आहे. मी स्वतः १०२ वरून ८३ वर आलो, भात अर्धा केला, रोज पहाटे चाललो, तेल मोजून वापरलं. मलाही वाटायचं मी काहीच खात नाही, पण आपण खाल्लेलं आपल्याला पूर्ण आठवतच नाही, चहा, तेरवीचं जेवण, लग्नातला बुंदीचा लाडू, हे कोणी धरत नाही. ७ दिवस वहीत सगळं लिहा, मनापासून सांगतो.

धागाकर्ती:
भाऊ लिहीन. चहा ५ वेळा होते साखरेचा, गृहभेटीला गेलं की नाही म्हणता येत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण तो चहा मी १४ वर्षांपासून पिते, मग आताच काय झालं.

धुऱ्यावरचा:
माझं वय ६१, शेतकरी. आमच्या लहानपणी कोणी अंगाने भरलं असलं तर लोक म्हणायचे "खात्यापित्या घरचा दिसते". तो मान होता. आज तेच अंग पाहून म्हणतात खाऊन खाऊन फुगला. माणूस तोच, नजर फिरली.

कारणं गावातच पाहा ना. आधी ज्वारी होती, भाकरीसोबत ठेचा नाही तर चून. आता ज्वारी पेरतो कोण, रानडुक्कर ठेवत नाही, सगळीकडे सोयाबीन. रेशनचा तांदूळ अन् गहू येते, तर ताटात भात वाढला. पहिले जवस-करडीचं तेल घाण्यावरून आणायचे अन् पुरवून पुरवून वापरायचे, आता पिशवीचं तेल किराण्यात मिळते. निंदणाला बाया दिवसदिवस वाकून राहायच्या, आता तणनाशक मारते. पाणी नळाला, दळण चक्कीवर, वावरात जायला मोटारसायकल. हे कष्ट गेले ते बरंच झालं, माझी माय त्याच कष्टात खपली, पण अंगाला ते कळते. सरकारचा २०१९-२१ चा कुटुंब आरोग्य सर्व्हे झाला त्यात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बाया अन् २२.९ टक्के माणसं जास्त वजनाची निघाली. इतक्या सगळ्यांची नियत एकदम बिघडली का बापा?

मास्तर:
जावेचं अन् तुमचं भांडं एकच, त्यावरून सांगतो. १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक गेलेल्या लोकांचा अभ्यास छापून आला होता, स्टंकार्ड नावाच्या डॉक्टरांचा. दत्तक मुलं मोठी झाल्यावर त्यांची अंगकाठी ज्यांनी वाढवलं त्यांच्यासारखी नव्हती, ज्यांनी जन्म दिला त्यांच्याकडे जात होती. म्हणजे ताट एक असलं तरी शरीर आपापल्या घराण्याचा हिशोब ठेवते. तुमची आई, मावशी कशा अंगाच्या होत्या ते आठवा.

आणि डोळ्याने पाहून ठरवणाऱ्यांना पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो दाखवला पाहिजे. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, ते आणि एक इंग्रज डॉक्टर शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, सारखाच, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या इंग्रजाची ९.१. आपल्याकडचा बारीक दिसणारा माणूसही आतून चरबीचा असू शकतो, म्हणून आपल्या लोकांना शुगर लवकर लागते. ग्रामसभेत जो उठला तो किडकिडीत असेल तर त्यानेही एकदा रक्त तपासून घ्यावं, हे मी टोमणा म्हणून नाही, काळजीनेच लिहितो.

रात्रपाळी:
ताई मी स्टाफ नर्स आहे, चंद्रपूरकडची. अडीच वर्षात २२ किलो हे ऐकून मला वेगळीच शंका येऊन राहिली. नीट उत्तर द्या. कोणतं औषध चालू आहे का, किंवा होतं का? मूल न होण्यासाठीचं तीन महिन्याचं अंतरा इंजेक्शन, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, फिटच्या काही गोळ्या, इन्सुलिन, अन् सगळ्यात जास्त म्हणजे स्टेरॉईड, याने वजन वाढते. थायरॉईडने वाढते पण ते सहसा ५ किलोच्या आतबाहेर, २२ नाही. पाळी कशी आहे? चेहरा गोल झाला का? मानेच्या मागे मांस आल्यासारखं वाटते का? हातपाय बारीक अन् पोटच मोठं असं आहे का? पोटावर जांभळे पट्टे? खाली बसलं की उठायला हात टेकावा लागते का?

धागाकर्ती:
हे वाचून मी आतल्या खोलीत जाऊन आरशात पाहून आली. पट्टे आहेत. मला वाटे बाळंतपणाचे असतील पण ते पांढरे असतात ना, हे जांभळे आहेत. चेहरा तर सगळेच म्हणतात भाकरीसारखा झाला. लेकरांसोबत खाली बसली की भिंत धरूनच उठते, अन् कुठं जरा लागलं की हातावर निळं पडते.

औषध डॉक्टरचं कोणतंच नाही. पण गुडघ्यासाठी पुडी घेते. तालुक्याच्या बाजारात एक जण बसते, जडीबुटीची पुडी देते, पांढरी भुकटी असते, रोज सकाळी एक. आमच्याकडच्या कितीतरी बाया घेतात. पहिल्याच आठवड्यात गुडघा असा मोकळा झाला की मी पुन्हा वावरात जायला लागली. कधीपासून घेते ते आता मोजलं. दोन वर्षं सात महिने.

रात्रपाळी:
ताई, अशा पुड्यांत डेक्सा किंवा प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉईडच्याच, गोळ्या कुटून टाकलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. तुमच्या पुडीत तेच आहे असं इथून नाही सांगता येत, पण तुम्ही सांगितलेलं सगळं तिकडेच बोट दाखवते. स्टेरॉईडने भूक वाढते, चरबी पोटावर, तोंडावर अन् मानेमागे बसते, मांड्यांचं मांस झिजते म्हणून उठता येत नाही. शुगर, बीपी वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुडी एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉईड, बनवायचं थांबलेलं असते, एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, बीपी खाली जाऊन माणूस जिवावर जाते. डॉक्टरच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करतात. सेवाग्रामच्या दवाखान्यात जा, मेडिसिनच्या ओपीडीत. उरलेल्या पुड्या सोबत न्या अन् कधीपासून, किती, हे कागदावर लिहून न्या. सकाळी ८ च्या सुमाराची कॉर्टिसोल, शुगर, बीपी हे ते पाहतील. मधात ताप आला, उलट्या झाल्या, गळून गेल्यासारखं वाटलं तर ओपीडीची वाट पाहायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा अन् पुडीचं पहिले सांगायचं.

नागपूरकर:
ताई मी माझं वरचं मागे घेतो. पाच चहावर बोट ठेवत बसलो. तुमच्यासोबत कोणी जायला नसेल तर सांगा, मी नागपूरवरून येऊ शकतो.

धागाकर्ती:
दोन दिवस लिहू नाही शकली. सगळ्यांचे आभार मानते, रात्रपाळी ताईंचे कसे मानू समजत नाही.

एक मनातलं सांगते. पुडीचं वाचलं तेव्हा पहिले भीती नाही वाटली, सुटल्यासारखं वाटलं. रडली मी. चला, माझी चूक नाही, आता कागद येईल हातात, तो ग्रामसभेत दाखवीन. मग रात्री झोप नाही आली. आमच्या गल्लीत एक मोठीमाय आहे, माझ्याहून जाड, तिने कधी पुडी घेतली नाही, तिची माय अन् आजी तशीच होती. तिच्याकडे कोणता कागद आहे? उद्या माझा रिपोर्ट साधा आला, पुडीत काहीच नाही निघालं, तर मी चोर ठरणार का? साठा तर तेव्हाही जुळलेलाच राहणार. म्हणून आता ठरवलं की रिपोर्ट ग्रामसभेत दाखवायचा नाही. तिथं फक्त रजिस्टर ठेवीन, पर्यवेक्षिका मॅडमच्या सहीचं, अन् पुढच्या सभेत मीच मोठ्याने वाचीन, तारखेसहित. माझं अंग हा सभेचा विषय नाही, एवढं म्हणीन. बोलताना आवाज फाटेल, फाटू दे.

पोराला मात्र सगळं सांगितलं काल, पुडीचंही, अन् मोठीमायचंही. तो काही बोलला नाही. आज सकाळी माझ्या पिशवीतल्या पुड्या त्यानेच मोजल्या, १९ आहेत, अन् वहीच्या पानावर तारखा लिहून दिल्या.

गुरुवारी जाते आहे सेवाग्रामला. मालक कापसाची गाडी घेऊन जाणार म्हणून पोरगा येतो म्हणे सोबत, शाळा बुडली तर बुडली. नागपूरकर भाऊ, तुम्ही म्हटलं तेच पुष्कळ झालं.

अजून एक विचारायचं होतं. आमच्या गावात अन् बाजूच्या दोन गावांत मिळून मला माहीत असलेल्या ११ बाया हीच पुडी घेतात, एकीला शुगर निघाली आहे. त्यांना आताच सांगू की माझा रिपोर्ट आल्यावर? सांगितलं तर भीतीने त्या एकदम बंद करतील, तेच धोक्याचं आहे ना. रात्रपाळी ताई, त्यांना नेमकं कोणत्या शब्दात सांगायचं ते लिहून द्या, मी घरोघरी जातेच.

रात्रपाळी:
आताच सांगा, रिपोर्टची वाट नको. असं म्हणा: "पुडी आज सोडू नको, पण ह्याच आठवड्यात पुडी हातात घेऊन दवाखान्यात दाखव, अन् दाखवेपर्यंत जशी घेतेस तशीच घे." शुगरवाल्या ताईला पहिले पाठवा, जमलं तर गुरुवारी तुमच्यासोबतच न्या.

धागाकर्ती:
तिला आताच फोन केला. येते म्हणाली.