मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीत बॉयफ्रेंडच्या घरी जायचंय, आणि घर म्हणजे अख्खं गोकुळ

नमस्कार मंडळी,

सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, नाताळ तोंडावर आलाय. यंदा पहिल्यांदाच बॉयफ्रेंडच्या घरी राहायला जाणार आहे. २३ डिसेंबरला पोचायचं ते थेट २७ ला निघायचं.

त्याच्या आईवडिलांना आधी भेटलेय. दोघंही मोकळी माणसं आहेत, त्यांची धास्ती नाही. धास्ती आहे ती बाकीच्या गोतावळ्याची. भावंडं, त्यांचे नवरे-बायका, काका, आत्या, चुलत-आत्ये मंडळी, पोरंटोरं आणि आजी. दर नाताळला सगळे याच घरात जमतात आणि एकमेकांवाचून यांचं पान हलत नाही. आपसात कडाकडा भांडतील, पण बाहेरच्या कुणी चकार शब्द काढला की सगळे एक! माझं घर याच्या बरोबर उलट. आम्ही तिघंच. सणाच्या दिवशीही जेवणं झाली की आपापल्या खोलीत पुस्तक घेऊन पडणारे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मध्यंतरी मला त्यांच्या फॅमिली ग्रुपमध्ये घेतलं. सकाळी उठून बघते तर मेसेजचा ढीग. झाडाच्या टोकावरचा तारा मागच्या वर्षी कुणी तोडला यावर रात्रभर खटला चाललेला. साक्षीपुरावे, जुने फोटो, आजीची व्हॉइस नोट, सगळं साग्रसंगीत. मी बराच विचार करून एक हसरा चेहरा टाकला. त्यावर कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने कामांचा तक्ता पाठवला. त्यात '२५ दुपार, भांडी' यापुढे त्याच्या मोठ्या बहिणीचं नाव आणि शेजारी माझं. माझ्या नावातली वेलांटी चुकली होती, पण नाव होतं! खूप बरं वाटलं आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला, कारण ही ताई म्हणजे त्या घरातलं हायकोर्ट. माझ्याशी आजवर 'कशी आहेस'च्या पुढे गेलेली नाही.

बॉयफ्रेंडला काही विचारलं की एकच उत्तर, "तू फक्त ये गं, बाकी आपोआप होतं." त्याचं होत असेल आपोआप, तो तिथेच वाढलाय. घरच्यांत गेला की हा पार विरघळून जातो. व्हिडिओ कॉलवर बघते ना मी. फोन हातोहात फिरत असतो, स्क्रीनवर कधी कुणाचा कान, कधी कुणाची हनुवटी, साहेब मागे भाच्यांशी कुस्ती खेळतायत आणि मी आजींना पुन्हा एकदा माझं नाव सांगतेय.

तर विचारायचंय ते असं. दिवसभर माणसांत राहिलं की माझं डोकं बधिर होतं, थोडा वेळ एकटं बसावंच लागतं. अशा घरात ते 'शिष्टपणा' न वाटता कसं जमवायचं? झोपायची सोय दोन चुलत बहिणींच्या खोलीत आहे, म्हणजे तिथेही एकांत नाहीच. दुसरं, कुटुंब कॅथलिक आहे, २४ च्या रात्री सगळे चर्चला जातात. मी ख्रिश्चन नाही, पण जायला आवडेल. तिथे काय करायचं, काय टाळायचं? भेटवस्तूंचंही सुचवा, एवढ्या जणांसाठी वेगवेगळं घेणं खिशाला झेपणारं नाही.

'बिनधास्त राहा' सोडून काहीही सांगा. ते सांगून झालंय सगळ्यांचं.

प्रतिसाद १

अशाच घरात सून म्हणून आले, त्यामुळे पोटातल्या गोळ्याला +१. सगळ्यांना जिंकायच्या भानगडीत पडू नका. ते वीसजण वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखतात, चार दिवसांत तुम्ही त्यात मुरणार नाही आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते. एकदोन माणसं धरा. भांड्यांची पाळी हे तर घबाड आहे! दोघींचे हात कामात, डोळ्यात डोळे घालून बोलायची सक्ती नाही. ताईंना ताऱ्याचा खटला विचारा, पाणी बंद करून सांगतील.

एकटं बसायचं असेल तर न सांगता गायब होऊ नका, त्याचीच चर्चा होते. "अर्धा तास पडते हो काकू" म्हणून सरळ जा. आजीही झोपतातच की दुपारी. बॉयफ्रेंडला मात्र निघायच्या आधीच नेमकं सांगून ठेवा. 'माझ्याकडे लक्ष दे' नाही, त्याचा अर्थ त्यांना कळत नाही. 'रोज रात्री जेवण झालं की आपण दोघं बाहेर एक चक्कर मारायची' असं सांगा.

प्रतिसाद २

मी कॅथलिक आहे म्हणून मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या त्या रात्रीच्या प्रार्थनाविधीचं सांगते. नाव मध्यरात्रीची मिस्सा, पण बऱ्याच चर्चमध्ये आता ती आधीच सुरू होते, तेव्हा वेळ विचारून घ्या. पुढचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायलाच हवेत असं नाही, शांत बसलात तरी चालतं. कम्युनियन, म्हणजे फादर देतात तो पवित्र भाकरीचा प्रसाद, फक्त कॅथलिकांनी घ्यायचं असतं. त्या वेळी रांगेतल्यांना वाट देऊन जागेवरच बसा. बऱ्याच ठिकाणी छातीवर हात आडवे घेऊन पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात, पण तुमच्या चर्चमध्ये तशी पद्धत आहे का ते काकूंना विचारा. त्याच्या जरा आधी सगळे आजूबाजूच्यांना शांतीच्या शुभेच्छा देतात, तेव्हा दचकू नका, तुम्हीही द्या.

घरातल्या येशूजन्माच्या देखाव्यात गव्हाणी रिकामी दिसली तर 'मूर्ती हरवली का' म्हणून शोधायला लागू नका. कित्येक घरांत बाळ येशूला २४ च्या रात्रीच ठेवतात, आणि तो मान बहुधा सगळ्यात धाकट्याचा असतो. २६ ला उत्साहाने सजावट आवरायलाही घेऊ नका, अनेकांकडे ती ६ जानेवारीपर्यंत राहते.

भेटवस्तूंचं म्हणाल तर सगळ्या घरासाठी मिळून एक आणि पोरांना एकत्र खेळता येईल असं काहीतरी, बस्स. जाता जाता, एवढ्या मोठ्या कुटुंबात बहुतेक चिठ्ठ्या काढून एकाने एकालाच द्यायची पद्धत असेल. तुमचं नाव चिठ्ठ्यांत टाकलंय का, ते आत्याला आजच विचारून घ्या. तक्ता त्याच करतायत म्हणजे चिठ्ठ्याही त्यांच्याकडेच असणार.