थकलेली बिले आणि २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा : गावातल्या कारखान्याला त्याचा किती उपयोग?

प्रश्न : काजूगर_सावंतवाडी

सावंतवाडी तालुक्यातील एका गावात आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेऊन तो उभा केला असून सध्या तेथे अकरा महिला काम करतात. या धंद्याची गोम अशी की काजू बी मार्च ते मे या तीन महिन्यांत रोखीने घ्यावी लागते, कारण बागायतदार उधारीवर बी देत नाहीत, आणि त्यांनी का द्यावी? तीच बी उकडून, फोडून, सोलून वर्षभर गर विकायचा असतो. हंगामाच्या तोंडावर हातात पैसा नसला, तर त्या वर्षी कारखाना दिवाळीनंतर बंदच ठेवावा लागतो.

पुण्यातील एक खासगी कंपनी स्वतःच्या नावाने सुकामेवा विकते. तिला आम्ही मे २०२४ मध्ये १,४०,००० रुपयांचा, नोव्हेंबरमध्ये २,८५,००० रुपयांचा आणि जानेवारी २०२५ मध्ये ३,१५,००० रुपयांचा माल पाठवला. प्रत्येक वेळी स्वतंत्र खरेदी आदेश होता आणि त्यावर ९० दिवसांची उधारी छापलेली होती. तिन्ही बिले थकली आहेत. जानेवारीच्या मालाचे नव्वद दिवस उलटल्यावर फोन केला, तेव्हा डब्यांत पाकळी आणि तुकडा, म्हणजे फुटलेला गर, जास्त निघाल्याचे प्रथमच ऐकवण्यात आले. तोपर्यंत त्यांच्याकडून एका ओळीचाही संदेश नव्हता. त्या बिलांवरचा जीएसटी मात्र आम्ही पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला पदरमोड करून भरला.

आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑगस्ट २०२४ मधील आहे. कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे असे ऐकले. छापील ९० दिवसांपुढे ती टिकते का? तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालावे लागतील का? आणि ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चोखाळला आहे, त्यांचे गिऱ्हाईक नंतर टिकले का, हेही मोकळेपणाने सांगावे.

उत्तर : करसल्लागार_कोल्हापूर

ताई, ९० दिवसांच्या छापील अटीला या कायद्यापुढे किंमत नाही. कलम १५ नुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे मुदत नेता येत नाही आणि करारच नसेल तर ती १५ दिवसांवर येते. कलम १६ नुसार विलंबाच्या काळासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. आपण नोव्हेंबरचा माल पाठवला तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के होते. २०२५ मध्ये दर उतरत गेले तसे हे व्याजही उतरले, तरी नोव्हेंबर आणि जानेवारीच्या मिळून सहा लाखांवर वर्षाला लाखाच्या वर रक्कम होते. व्याज घेणार नाही असे आपण लिहून दिले असले, तरीही कायद्याचेच कलम वरचढ ठरते.

तुकड्याच्या तक्रारीने डगमगू नका. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला गेला असे कायदा धरून चालतो. यासाठी माल पोचल्याची तारीख हाच आपला सर्वांत मोठा पुरावा आहे. ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिल आणि गोदामाच्या शिक्क्याची चलनप्रत एकत्र काढून ठेवा. शिक्का पुसट असेल तर तिचा रंगीत फोटो आजच काढा.

मे महिन्याच्या बिलाबाबत मात्र खोटी आशा दाखवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाली फूड्सच्या प्रकरणात असे म्हटले की नोंदणीचा लाभ नोंदणीनंतरच्या पुरवठ्यालाच मिळतो, मागील व्यवहाराला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात हा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला, पण त्या भरवशावर १,४०,००० चे बिल इतर दोन बिलांच्या अर्जात मिसळून संपूर्ण अर्जच वादात ओढण्यात शहाणपण नाही. त्यासाठी वेगळी नोटीस द्यावी आणि तीन वर्षांच्या मुदतीकडे लक्ष ठेवून दिवाणी दाव्याचा विचार करावा.

आता खरेदीदाराच्या वर्मावर बोट ठेवणारी गोष्ट. आयकर कायद्यात २०२३ च्या वित्त अधिनियमाने कलम ४३ब मध्ये (एच) हा भाग घातला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे कलम १५ च्या मुदतीत दिले नाही, तर ते ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून मोजले जाते. ३१ मार्च २०२५ ला आपले सहा लाख थकीत होते, म्हणजे २५ टक्क्यांनी कर भरणाऱ्या कंपनीच्या त्या वर्षीच्या करात दीड लाखाची भर पडली. शिवाय, १८० दिवसांत पैसे न दिल्यास त्यांना त्या बिलावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट (खरेदीवरील कराची वजावट) व्याजासह परत करावे लागते, आणि ४५ दिवसांपुढील अशा देण्याची माहिती दर सहा महिन्यांनी कंपनी निबंधकांकडे एमएसएमई-१ नमुन्यात भरावी लागते. या तिन्ही गोष्टी नमूद करून त्यांच्या लेखा विभागाला, विक्री प्रतिनिधीला नव्हे, एक शांत भाषेतले पत्र पाठवा. माझ्या अनुभवात पत्र वाचणारा माणूस बदलला की उत्तरही बदलते.

जाता जाता एक गोष्ट. डबे, खोके किंवा यंत्राची दुरुस्ती पुरवणारे जे नोंदणीकृत लहान उद्योजक आहेत, त्यांच्याबाबतीत आपणही खरेदीदारच आहात आणि मुदत तीच आहे.

उत्तर : लेथवाला_कराड

मी कराडजवळच्या गावात जॉबवर्क करतो आणि हा मार्ग शेवटपर्यंत गेलो आहे. खेट्यांची चिंता करू नका, कारण अधिकारक्षेत्र विक्रेता जेथे असतो तेथील सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकीत देण्यांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, असते. खरेदीदार देशात कोठेही असो, यायचे त्याने. अर्ज ऑनलाइन होतो. अशा तक्रारींसाठीचे सरकारी समाधान पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून निदान पहिल्या पायरीसाठी कोणाच्या टेबलासमोर उभे राहावे लागत नाही. आधी समेट, तो फसला तर लवाद, असा क्रम आहे.

कायद्यात निकालाला ९० दिवस दिले आहेत. माझ्या प्रकरणाला एकोणीस महिने लागले, त्यांपैकी बराच काळ समोरच्याचा वकील पुढची तारीख मागत राहिला. शेवटी समेटाच्या बैठकीत त्यांनी मुद्दल आणि निम्म्याहून थोडे कमी व्याज देऊ केले, आणि मी घेतले. हट्ट धरला असता तर पूर्ण व्याजाचा निवाडा कदाचित मिळालाही असता. निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाण्याआधी खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के जमा करावे लागतात, हे कलम १९ मधील तरतुदीचे मोठे बळ आहे. समोरच्या वकिलाने आपल्या अशिलाला तो आकडा सांगितल्यावरच बैठकीतला सूर बदलला, असे मला वाटते.

गिऱ्हाईक टिकले नाही. खोटे कशाला सांगू?

उत्तर : संशयी_नागपूर

वरील दोघांचे म्हणणे बरोबर असले, तरी या कायद्याची पहिली खोट अशी की तक्रार करण्याचा सगळा भार ज्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती आहे त्याच्याच डोक्यावर आहे. ४३ब ने तो भार खरेदीदाराच्या खिशाकडे वळवला, हे मान्य. पण त्यानंतर काय झाले? उद्यम नोंदणी रद्द करून या, नाहीतर आदेश मिळणार नाही, असे काही खरेदीदारांनी पुरवठादारांना सांगितल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि माझ्या ओळखीच्या एका मसाला उत्पादकाला ते तोंडावर सांगण्यात आले. दुसरी पळवाट व्यापाऱ्यांची. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच. थकबाकीचे संरक्षण त्यांना नाही. त्यामुळे आपला गर मध्ये एका व्यापाऱ्याला ठेवून घेतला, की कंपनी त्याला वाटेल तेवढे लटकवू शकते आणि तो आपल्याला.

२५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलवटणावळ मंचावर (जेथे मान्य झालेल्या बिलाचे पैसे बँक आधीच देते) नोंदणी सक्तीची झाली आहे. परंतु ताईंची खरेदीदार कंपनी, वर्णनावरून, त्या आकड्याच्या जवळपासही नसावी, आणि मंचावर नोंदणी केली म्हणजे बिल मान्य केलेच पाहिजे असेही नाही.

उत्तर : करसल्लागार_कोल्हापूर

नागपूरकरांचा व्यापाऱ्याचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ताईंच्या बाबतीत मात्र ती अडचण उद्भवत नाही, कारण बीपासून गर काढणे ही प्रक्रिया आहे, व्यापार नव्हे. तरी उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसाय उत्पादन म्हणून नोंदला आहे ना, हे आधी पाहावे. एजंटाने घाईत सुकामेव्याची विक्री असा कोड टाकलेली दोन प्रमाणपत्रे याच वर्षी माझ्या टेबलावर आली. दुरुस्ती विनामूल्य आहे.

काजूगर_सावंतवाडी

सर्वांची आभारी आहे. प्रमाणपत्र काढून पाहिले. उत्पादन असेच लिहिले आहे. नोव्हेंबर आणि जानेवारीच्या दोन बिलांचे पत्र कंपनीच्या लेखा विभागाच्या नावे तयार केले असून मेचे बिल त्यातून वगळले आहे. पत्राला उत्तर आले नाही, तर पंधरा दिवसांनी पोर्टलवर अर्ज करीन. फेब्रुवारीच्या आत काही रक्कम हाती आली, तर बी खरेदीला ती उपयोगी पडेल. गिऱ्हाईक जाईल, हे कराडकरांचे वाचून मनाशी धरले आहे. तीन बिले बुडवणारे गिऱ्हाईक टिकले तरी त्याचे काय करायचे, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला आणि मला त्याचे उत्तर सुचले नाही.

डबे आणि खोके देणारे कुडाळचे एक उद्योजक आहेत. त्यांचे ३८,००० रुपये आमच्याकडे सत्तर दिवसांपासून आहेत. त्यांची उद्यम नोंदणी आहे का, हे मी काल फोन करून विचारले. आहे, असे ते म्हणाले, आणि का विचारता, असे त्यांनी विचारले नाही. निम्मे पैसे आज सकाळी पाठवले आहेत.