खासदार आणि लवाद, दोन्ही एकाच वेळी?
‘खासदारकी भोगणारा माणूस तटस्थ लवाद कसा होणार?’ हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. लवाद म्हणजे कोर्टाबाहेर दोन्ही बाजू ऐकून वादाचा निकाल देणारा पंच. पण नामवंत वकील फली नरिमन यांचं उदाहरण बघा. १९९९ ते २००५ राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सदस्य, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादातही जगभर मान. आणीबाणी येताच सरकारी वकिलीचं मोठं पद सोडणारा हा माणूस!

शिवाय कायदा नुसत्या भरवशावर सोडत नाही. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम १२ सांगतं, नेमणुकीआधीच लवादाने आपले हितसंबंध लेखी जाहीर करायचे. भोसरीतल्या आपल्या कारखानदारांनी परदेशी गिऱ्हाईकाशी वाद झाला की तो कागद आवर्जून मागावा. आणि करारातलं लवादाचं कलम सहीआधी वाचावं. सुनावणी पुण्यात की सिंगापुरात, हे बहुतेकदा तिथेच ठरलेलं असतं.