तिसऱ्या भाषेसाठी गणिताचे गुण कशाला? (सिंगापूर, पीएसएलई)

जुराँगकर:
सिंगापुरात सहावीच्या पीएसएलईचा (प्राथमिक शाळा संपताना होणाऱ्या परीक्षेचा) निकाल नोव्हेंबरअखेर लागतो आणि मराठी घरांत दरवर्षी एकच हिशेब सुरू होतो: आठ आले तर फ्रेंच, नऊ आले तर नाही. मला हा नियमच चुकीचा वाटतो.

ज्यांना पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विषय चार: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि मातृभाषा. प्रत्येकाला एएल (अचीव्हमेंट लेव्हल) 1 ते 8 असा स्तर मिळतो. 90 पासून 1, 85 पासून 2, 80 पासून 3, 75 पासून 4, 65 पासून 5, 45 पासून 6, 20 पासून 7, त्याखाली 8. चारही स्तरांची बेरीज करायची. 4 म्हणजे सर्वोत्तम, 32 म्हणजे तळ. फ्रेंच, जर्मन, जपानी किंवा स्पॅनिश तिसरी भाषा म्हणून शिकायची तर बेरीज 8 किंवा त्याहून कमी हवी.

आता दोन मुलं घ्या. पहिल्याला इंग्रजीत 93, हिंदीत 91, विज्ञानात 82, गणितात 78. स्तर 1, 1, 3, 4, बेरीज 9. दुसऱ्याला इंग्रजीत 81, हिंदीत 80, गणितात 95, विज्ञानात 92. स्तर 3, 3, 1, 1, बेरीज 8. फ्रेंच कोणाला? दुसऱ्याला! ज्याला दोन्ही भाषा उत्तम येतात तो बाहेर.

पाटीपेन्सिल:
उदाहरण छान रचलंय, पण त्यात एक गोष्ट गाळली आहे. तिसरी भाषा कशाच्या बदल्यात मिळत नाही, ती बाकीच्या विषयांखेरीज जादा येते. शिक्षण मंत्रालयाच्या भाषा केंद्रात आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, साधारण तीन तास. वर येण्याजाण्याचा वेळ आणि घरचा अभ्यास. अशी चार वर्षं. सातवीत गेल्यावर इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य असे नवे विषय येतात. मुलं तिसरी भाषा सोडतात ती जीभ वळत नाही म्हणून नव्हे, तर वेळापत्रक कोलमडतं म्हणून. ज्याला गणितात 78 आहेत त्याला सातवीत गणितालाच जास्त तास द्यावे लागणार. बेरीज हे मोकळ्या वेळेचं माप आहे. ढोबळ आहे, मान्य.

आणि जिथे भाषेचा कस बघायचा तिथे मंत्रालय भाषाच बघतं. माध्यमिक शाळेत उच्च स्तराची मातृभाषा (हायर चायनीज, हायर मलय, हायर तमिळ) घ्यायची तर 2025 च्या सातवीपर्यंत नियम असा होता: बेरीज 8 पर्यंत असली की थेट पात्र. 9 ते 14 असेल तर मातृभाषेत एएल 1 किंवा 2 हवा असे, किंवा प्राथमिकला उच्च स्तराचा पेपर दिला असेल तर त्यात डिस्टिंक्शन वा मेरिट. त्यापलीकडेही एखादं मूल भाषेत खरंच तयार असेल तर शाळा आपल्या अधिकारात घेऊ शकते.

जुराँगकर:
म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही मांडलंत. हायर तमिळही जड आहे, तरी तिथे 14 बेरजेच्या मुलाला भाषेच्या जोरावर आत घेतात. मग फ्रेंचला तोच दुसरा दरवाजा का नको?

पाटीपेन्सिल:
कारण हायर तमिळ म्हणजे त्याच भाषेचा खोल अभ्यास, सहा वर्षांचा पाया आधीच असतो. फ्रेंच शून्यापासून. हिंदीत 91 मिळवणारं मूल फ्रेंचमध्ये चमकेलच याचा पुरावा त्या 91 मध्ये नाही. हिंदी घरात ऐकून आलेली असू शकते.

तिरकस:
दोघेही मूळ मुद्द्याला वळसा घालताय. आपल्या मुलांची "मातृभाषा" इथे मराठी नाहीच! भारतीय मुलांना तमिळ, नाहीतर बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी, उर्दू. मराठी यादीत नाही, म्हणून बहुतेक मराठी घरं हिंदी घेतात. म्हणजे इंग्रजी आणि मराठीनंतरची तिसरी भाषा मूल पहिलीपासूनच शिकतंय, आणि बेरजेचा चौथा भाग तिच्यावर उभा आहे. 84 आणि 85 मधल्या एका गुणावर फ्रेंच जातं.

बरं, गुण जातात कुठे तेही ठरलेलं. "मी पोळी खाल्ली" म्हणणारं मूल "मैं रोटी खाई" लिहितं, कारण मराठीत मी आणि तू यांना "ने" लागत नाही. नपुंसकलिंगी शब्द हिंदीत आला की मूल गडबडतं: "मेरा पुस्तक". आवाज मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीत नीट "कवी" आणि "गुरू" लिहिणाऱ्याने हिंदीत "कवि" आणि "गुरु" लिहायचं. मराठी चांगली असल्याची ही शिक्षा आहे.

सौदामिनी:
तिरकसराव, शिक्षा कसली? लिपी हातात आहे, तत्सम शब्द निम्मे ओळखीचे आहेत, वाक्याची बांधणी तीच. चिनी पेपरला बसणाऱ्या मुलाला विचारा, तो या चार चुकांच्या बदल्यात काय देईल ते. तुम्ही सांगितलेल्या चुका मोजक्या आहेत, त्यामुळे त्यांवर कामही करता येतं. चौथीपासून स्त्रीलिंगी शब्दांची वेगळी वही ठेवावी, प्रत्येक शब्द "मेरी" किंवा "मेरा" लावूनच लिहावा. निबंध तपासताना आधी फक्त "ने" असलेली वाक्यं तपासावीत, मग फक्त ऱ्हस्व-दीर्घ. सगळं एकदम तपासायला गेलं की मूल दोन्ही चुका सोडून पुढे जातं. तोंडी परीक्षा ऑगस्टमध्येच होते, लेखीच्या बरीच आधी. घरात हिंदी बोलली जात नसेल तर जूनच्या सुट्टीत रोज एक चित्रवर्णन मोठ्याने करून घ्यावं.

आणि 2021 पासून स्तर ठरीव गुणांवर आहेत. त्याआधीच्या टी-स्कोअरमध्ये बाकीच्या मुलांनी कसं केलं यावर तुमचा आकडा हलायचा. आता हिंदीभाषक घरांतल्या मुलांशी स्पर्धा नाही. 90 म्हणजे 90.

एक सावधगिरी मात्र सांगते. "हिंदी जड जातेय, सूट मागू" असं काही पालक म्हणतात. सूट मागून मिळत नाही, त्याला कारण लागतं. मिळाली तरी मातृभाषेच्या जागी एएल 6 ते 8 मधला स्तर बाकीच्या तीन विषयांवरून लावला जातो. तिन्हींत एएल 1 असला तरी 3 अधिक 6, बेरीज 9. त्यापेक्षा हिंदीत 75 आणून एएल 4 घेणं केव्हाही बरं.

पुणेरी जर्मन:
आमच्याकडे अनेक शाळांत आठवीला संस्कृत की जर्मन हे पालकच ठरवतात, तुकडीत जागा असली म्हणजे झालं. गणिताचा संबंध नाही. आणि कोणी मेलेलं नाही.

पाटीपेन्सिल:
तुमच्याकडे ती भाषा दुसऱ्या भाषेच्या *जागी* येते, तासही शाळेच्या वेळातच. इथे ती जादा येते. तुलना लागू नाही.

तिरकस:
सौदामिनीताई, वहीचा उपाय मान्य. पण भाषेचा फायदा सगळ्यांना सारखा नाही. स्पेशल असिस्टन्स प्लॅनच्या (चिनी भाषेवर भर देणाऱ्या) शाळांत बेरीज 14 पर्यंत आणि हायर चायनीजमध्ये पास, मेरिट वा डिस्टिंक्शन असेल तर तेवढ्याच बेरजेच्या इतर मुलांच्या पुढे नंबर लागतो, तोही टायब्रेकरच्या आधी. आपल्या मुलांना असलं काही नाही. उलट समान बेरजेला आधी नागरिक, मग पीआर (कायम रहिवासी), मग परदेशी. त्यानंतर पसंतीचा क्रम. शेवटी संगणकाची सोडत.

सौदामिनी:
त्या शाळांत मातृभाषा म्हणून चायनीजच शिकवतात, हिंदीवाला तिथे जाणार कशाला? पसंतीचा क्रम म्हणालात ते मात्र अनेकांना कळत नाही. सहा शाळा भरायच्या असतात. समान बेरीज आणि समान नागरिकत्व असेल तर ज्या मुलाने ती शाळा यादीत वर लिहिली त्याला ती आधी मिळते. त्यामुळे आवाक्याबाहेरच्या शाळेवर पहिला क्रमांक खर्च करून खरी हवी ती तिसरी लिहिली, तर तिथे तुम्ही मागे पडता. आणि सहाही शाळा काठावरच्या लिहू नयेत. मागच्या वर्षीच्या शेवटच्या बेरजेपेक्षा तुमची बेरीज एक-दोनने चांगली आहे अशा दोन तरी असाव्यात.

जुराँगकर:
मी मूळ प्रश्नावर परत येतो, कारण व्यवस्थेनेच माझी बाजू घेतली आहे. 2024 च्या सातवीपासून गुणांनुसार मुलांची विभागणी करणारे एक्सप्रेस-नॉर्मल हे प्रवाह गेले. आता 4 ते 20 बेरीज म्हणजे प्रवेशाचा सर्वांत वरचा गट 3, 23-24 गट 2, 26 ते 30 गट 1 (इंग्रजी आणि गणितात किमान एएल 7 असेल तर). 21-22 आणि 25 ला दोन गटांतला एक निवडता येतो. पण गट फक्त प्रवेशापुरता आणि विषयांचा सुरुवातीचा स्तर ठरवण्यापुरता. 24 बेरजेच्या मुलाला हिंदीत एएल 5 असेल तर तो हिंदी सर्वांत वरच्या जी3 स्तरावर शिकू शकतो, गणित जी2 ला ठेवून. विषय त्या-त्या विषयाच्या गुणांवर, हे तत्त्व 24 वाल्याला लागू आहे आणि 9 वाल्याला नाही!

पाटीपेन्सिल:
जी2 ची हिंदी जी3 झाली तरी तास हिंदीचेच राहतात. तिसऱ्या भाषेत दुपार जाते. तरी तुमच्या पहिल्या मुलासाठी एवढं कबूल करतो: 9 बेरीज आणि दोन्ही भाषांत एएल 1 अशा मुलांना, 8 वाल्यांचे वर्ग भरून जागा उरल्या तर, घ्यायला हरकत नसावी. सहामाहीत टिकून दाखवण्याची अट घालून. 10 म्हणालात तर मात्र मी विरोधात.

जुराँगकर:
10 ला 1, 1, 4, 4 येऊ शकतात. म्हणजे गणितात 75. पंचाहत्तर गुणांच्या मुलाला वेळ नसतो हे तुम्ही कशावरून ठरवलंत?