गद्धेगाळ: यातला 'गाळ' कोणता, आणि पाटीवर काय लिहायचं?

कानामात्रा:
प्रदर्शनातल्या काही पाट्या इंग्रजीतून मराठीत करायच्या आहेत. त्यांत उत्तर कोकणातल्या एका गद्धेगाळीच्या दगडाची, म्हणजे जुन्या दानाचा लेख कोरलेल्या दगडाची, पाटी आहे: वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. खालच्या चित्रासाठी मूळ पाटीत जो शब्द आहे त्याला कोशात 'पशुसंभोग' सापडतो, म्हणून तोच ठेवला होता. तपासनिसांनी तो खोडून 'गर्दभशाप-शिल्प' केलंय आणि 'गद्धेगाळ' हा शब्द ग्राम्य म्हणून काढूनच टाकलाय. पशुसंभोग, पशुमैथुन, पशुगमन यांतलं नेमकं काय चालेल? आणि 'गाळ' म्हणजे काय? विहिरीतला गाळ नसावा एवढं कळतं.

ओवीवाला:
शिवीगाळ. संपलं.

ओवीवाला:
बरं, सविस्तर. संस्कृत 'गालि' म्हणजे अपशब्द. दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो (फल-फळ, काल-काळ), म्हणून गाळ, गाळी. हिंदीत तीच 'गाली' राहिली. आपण 'गाळ' एकटा वापरायचं सोडलं, पण 'शिवीगाळ' या जोडशब्दात तो जिवंत आहे. गद्धेगाळ म्हणजे गाढवाची शिवी. त्यात ग्राम्य ते काय? दगडावरचा मजकूर वाचला तर तपासनीस 'गद्धेगाळ'ला सोवळा शब्द म्हणतील.

अनुस्वार:
'गाळ' पटला. 'गद्धे' पटत नाही. मराठीत गाढव आहे, मग दगडाला 'गाढवगाळ' का नाही म्हणत? हा हिंदीचा शिरकाव दिसतो.

ओवीवाला:
शिरकाव म्हणायची घाई नको. 'गर्दभ'ची प्राकृतात दोन रूपं झाली, गड्डह आणि गद्दह. पहिल्यातून गाढव आला, दुसऱ्यातून गधा. गुजरातीतला गधेडोही दुसऱ्याच फांदीवरचा, आणि हे दगड गुजरातेतही आहेत. गंमत अशी की लेखांच्या आत मात्र 'गाढव'च आहे. म्हणजे लेखाची भाषा एका फांदीवरची आणि दगडाचं नाव दुसऱ्या. नाव नंतर पडलं असणार.

अनुस्वार:
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! नाव बाहेरून आलं.

मोडीवाचक:
मूळ मजकूर समोर ठेवल्याशिवाय ही चर्चा हवेतच राहील. परळचा लेख, शके 1108, म्हणजे इ.स. 1187, शिलाहार राजा दुसरा अपरादित्य. बराचसा लेख संस्कृतात आहे: महावली गावातल्या एका वाडीच्या उत्पन्नातून 24 द्रम्म (तेव्हाची नाणी), दर्भावतीच्या वैद्यनाथाच्या पंचोपचार पूजेसाठी. दान, देव, रक्कम सगळं देवभाषेत. मग शेवटी अचानक भाषा बदलते:

"अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी तेया श्रीवैद्यनाथ देवाची भाल सकुटुंबीआ पडे । तेहाची माय गाढवें झविजे ।"

म्हणजे जो कोणी हे शासन, ही दानाची राजाज्ञा, मोडेल त्याच्यावर सकुटुंब वैद्यनाथाची 'भाल' पडो, आणि त्याची आई गाढवाकडून भोगली जावो. ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीची ही मराठी आहे. शेवटचं क्रियापद आज छापताना लोक फुल्या टाकतात. राजाने ते दगडावर कोरून घेतलं होतं.

घाटावरची:
व्याकरणासाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे. 'गाढवें' ही तृतीया, माय प्रथमेत, आणि '-इजे' हा कर्मणी प्रत्यय, ज्ञानेश्वरीतल्या 'कीजे', 'बोलिजे' यांच्यातला. म्हणजे कर्ता गाढव आहे. माय काही करत नाही, तिच्यावर केलं जातं. आणि अपराधी, म्हणजे शासन लोपणारा, या उपवाक्यात फक्त 'तेहाची' एवढ्या षष्ठीपुरता उरलाय. त्या चित्रावर 'पशुसंभोग' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, तेव्हाच्या लोकांच्या कुठल्याशा वर्तनाचं हे चित्र आहे. चित्रात वर्तन नाही, शिवी आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी काढलेली.

कानामात्रा:
हे पाटीवर घेण्यासारखं आहे. पण मग सामान्य अर्थाने, म्हणजे प्रत्यक्ष कृत्यासाठी, कोणता शब्द?

मोडीवाचक:
'पशुगमन'. धर्मशास्त्राची भाषा तीच. याज्ञवल्क्य म्हणतो "पशून्गच्छन् शतं दाप्यः", 100 पण (तेव्हाचं नाणं) दंड. गाय असेल तर मध्यम साहस, म्हणजे मधल्या पायरीचा दंड, जे त्याच्या हिशोबात 540 पण. कौटिल्य 'तिर्यग्योनि' (जनावर) म्हणतो आणि 12 पणांवर सोडतो. देवतेच्या मूर्तीशी तसं वागणाऱ्याला मात्र त्याच्या दुप्पट. मनूच्या अकराव्या अध्यायात दंड नाहीच, प्रायश्चित्त आहे. सांतपन कृच्छ्र: गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप, कुशोदक, आणि एक रात्र उपास. तीन ग्रंथ, तीन माप. तेव्हा 'प्राचीन भारतात याकडे कसं पाहत' असं एकवचनी वाक्य पाटीवर लिहू नका.

ओवीवाला:
प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती लोकांचे कायदे याहून चक्रावणारे आहेत. गाय, मेंढी, डुक्कर, कुत्रा यांच्याशी केलं तर मृत्युदंड, राजा वाटल्यास जीव वाचवू शकतो. घोडा किंवा खेचर असेल तर शिक्षा नाही. फक्त तो माणूस राजाजवळ जाऊ शकत नाही आणि पुरोहित होऊ शकत नाही. म्हणजे मोजमाप विटाळाचं, नीतीचं नाही.

रिकामटेकडा:
खजुराहोला लक्ष्मण मंदिराच्या जोत्यावर घोडा आहेच की. मग तोही गद्धेगाळ?

घाटावरची:
नाही. तो इ.स. 954च्या मंदिराच्या जोत्यावरच्या सैन्याच्या पट्टीतला प्रसंग आहे. तिथे ना दान, ना हद्द, ना शाप. प्राणी आणि माणूस दिसले की एकाच टोपलीत टाकायचं, हीच त्या इंग्रजी शब्दाची खोड आहे. तुलनाच हवी असेल तर ग्रीकांची पासिफाई घ्या. समुद्रदेवाने दिलेला बैल मिनोस राजाने बळी द्यायचं टाळलं. शब्द त्याने मोडला आणि बैलाचं वेड लागलं त्याच्या बायकोला. डेडॅलस या कारागिराने लाकडी गाय करून दिली, पुढे बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर जन्माला आला. करार पुरुषाने मोडायचा आणि जनावर त्याच्या घरच्या बाईच्या वाट्याला यायचं, हे परळच्या दगडासारखंच आहे. क्रीटला बायको, कोकणात आई.

अनुस्वार:
पण ती स्त्री म्हणजे भूमी असं वाचलंय. दान दिलेली जमीन हिरावली तर तिच्यावर गाढवाचा नांगर फिरेल, ती नापीक होईल, असा प्रतीकात्मक अर्थ. तो जास्त सुसंस्कृत वाटतो.

मोडीवाचक:
सुसंस्कृत वाटतो म्हणूनच तो आवडतो लोकांना. लेखात 'तेहाची माय' आहे, 'भुई' नाही. गाढवाचा नांगर ही वेगळी गोष्ट. पुण्यावर मुरार जगदेवाने फिरवला म्हणतात तो प्रदेश बेचिराख करण्याचा विधी. दोन्हीकडे गाढव अमंगळ आहे एवढंच समान. व्रत मोडलेल्या ब्रह्मचाऱ्याने चव्हाट्यावर रात्री निर्ऋतीला, म्हणजे विनाशाच्या देवतेला, काणा गाढव बळी द्यावा असं मनू सांगतो. धिंडही गाढवावरूनच निघते. प्रतीक शोधायला जमिनीत शिरायची गरज नाही.

अनुस्वार:
मग 'शाप' म्हणायला काय हरकत? गर्दभशाप. शिवी माणूस देतो, शाप फळतो.

ओवीवाला:
शाप संस्कृतात होताच की! ताम्रपटाच्या शेवटी ठरलेला श्लोक असतो: "स्वदत्तां परदत्तां वा", साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होशील. कानडी लेखांत वाराणसीला हजार कपिला गाई मारल्याचं पाप. ते दोन्ही पापाचे हिशोब आहेत, मेल्यानंतरचे. गद्धेगाळ मेल्यानंतरची वाट पाहत नाही, ती तोंडावर आईवरून दिली जाते. पुढच्या काळातल्या कागदांत 'हिंदूस गाईची, मुसलमानास सुवराची आण' येते, तो तिसरा प्रकार, शपथेचा. शाप, शिवी, आण अशी तीन वेगळी खाती आहेत आणि 'गर्दभशाप' त्यातली दोन एकत्र करतो.

मोडीवाचक:
'भाल पडे' हा तर शापच आहे. एकाच लेखात आधी शाप, मग शिवी.

रिकामटेकडा:
भाल म्हणजे कपाळ ना? कपाळ कसं पडेल?

मोडीवाचक:
देवाचा भाला घ्या. 'वीज पडो' म्हणतो तसं.

ओवीवाला:
भाल्याला स्त्रीलिंगी 'देवाची' कसं लागलं मग? मला तो 'कोप' या अर्थाचा स्वतंत्र शब्द वाटतो.

तिरपा उजेड:
वाचनावरून भांडण्याआधी दगड वाचायचा कसा ते सांगतो, कारण निम्मे वाद तिथे तयार होतात. अक्षरांत खडू किंवा पीठ भरून फोटो काढू नका. भरणारा हात आपल्याला हवं ते अक्षर भरतो, आणि पुढचे सगळे त्याचा फोटो वाचतात. यातले बरेच दगड शेंदराखाली गेलेत. गावाने त्यांना देव केलं. शेंदराचे थर आधी मात्रा आणि अनुस्वार बुजवतात, म्हणजे 'गाढवें'चं 'गाढव' होतं आणि तृतीयाच गेली. तारेचा ब्रश लावला तर शेंदराबरोबर अक्षराची कडही जाते. साधं पाणी, मऊ ब्रश. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा, ऊन नसेल तर विजेरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. ठसा घ्यायचा तर कागद भिजवून दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरात घालायचा, आणि तो अर्धवट वाळला की शाईची पुरचुंडी हलकी टेकवत न्यायची. ओल्यावर शाई लावली तर पसरते, पूर्ण वाळू दिला तर कागद सुटतो आणि ठसा हलतो. आकड्यांना हे जास्तच लागू. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाच्या शकावरून, 934 की बरंच नंतरचं, केवढा वाद झाला आहे.

अनुस्वार:
934 असेल तर हत्तरसंग कुडलच्या शके 940च्या लेखाला मागे टाकून अक्षीच पहिला मराठी शिलालेख.

मोडीवाचक:
तो वाद इथे नको. शंभर प्रतिसाद त्यातच जातील.

अनुस्वार:
तुम्ही काढला नाहीत, पण निघालाच आहे तर...

कानामात्रा:
माझी पाटी उद्या जायची आहे! सध्या असं करते: 'गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. खाली तिचंच चित्र.' 'पशुसंभोग' काढला, 'गर्दभशाप'ही काढला. फक्त एक सांगा, 'हा गद्धेगाळ' की 'ही गद्धेगाळ'?

घाटावरची:
शिवीगाळ होते, म्हणजे ती. ही गद्धेगाळ, या गद्धेगाळी.

तिरपा उजेड:
दगड तो असतो. क्षेत्रात फिरणारे सगळे 'हा गद्धेगाळ' म्हणतात.

ओवीवाला:
म्हणून चूक बरोबर होत नाही.

तिरपा उजेड:
'गद्धे' बाहेरून आलेला चालतो, आणि 'हा' चालत नाही?