मदत हवी आहे: आमच्या ताणाचा परिणाम मुलावर होतोय का?

नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. नवऱ्याची नोकरी कळंगुटच्या एका हॉटेलात. मार्च २०२० मध्ये पर्यटन थांबलं, आधी अर्धा पगार आणि मग तोही बंद. मधे जरा सुरू झालं होतं, तर आता मे २०२१ मध्ये पुन्हा कर्फ्यू. घराचा हप्ता मात्र थांबत नाही.

प्रश्न आमच्या दुसरीतल्या मुलाचा आहे. आम्ही त्याच्यासमोर भांडत नाही, रात्री हळू आवाजात बोलतो. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपणार? तो परत अंथरूण ओलं करायला लागलाय, जे केव्हाच सुटलं होतं. ऑनलाइन वर्ग सुरू झाला की पोटात दुखतं, रविवारी मात्र दुखत नाही. परवा पेज वाढताना विचारतो, "आई, मी कमी जेवलो तर चालेल का?" सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मला तसं वाटत नाही.

लहान मुलं ताणात मागच्या वयात जातात, असं वाचलंय. मग पैशांची अडचण त्याला सरळ सांगावी का? सांगायची तर किती आणि कशी? नवरा हल्ली चिडतो किंवा तासन् तास गप्प बसतो, त्याला समुपदेशनाला कसं तयार करू? १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा (चाइल्डलाइनचा) नंबर माहीत आहे, पण अशा गोष्टीसाठी तिथे फोन करतात का?

बांबोळी, पर्वरी किंवा म्हापशात फोनवर मराठी-कोंकणीत बोलणारं कुणी माहीत असेल तर सांगा. कमी फी असेल तर बरं.